शाळा हा चल लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये कसा घालायचा? बडोद्यातल्या मुलांच्या मराठी वाचनाचा सर्व्हे

दांडियाबाजार · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळंच सांगते.

माझा प्रबंध बडोद्यातल्या मराठी घरांमधल्या १० ते १२ वर्षांच्या मुलांवर आहे. प्रश्न एवढाच की मुलाला मराठी वाचता येतं का. तिसरीच्या पातळीचा एक अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला द्यायचा आणि त्यावर दोन प्रश्न विचारायचे. जमलं तर १, नाही तर ०, म्हणून अशा हो-नाही निकालासाठीचं लॉजिस्टिक रिग्रेशन वापरते आहे. सोबत घरची माहिती आहे: आजी किंवा आजोबा घरात राहतात का, आई मराठीभाषक आहे का, घरी मराठी वर्तमानपत्र किंवा मासिक येतं का, मुलाचं वय. १६ शाळा, ४८६ मुलं. बहुतेक शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या, दोन मराठी माध्यमाच्या.

शाळांना मी १ ते १६ नंबर दिले होते. पहिल्यांदा एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा नंबर तसाच घातला. एकच गुणांक आला, पी व्हॅल्यू (परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) मोठी आली आणि मला सांगण्यात आलं की शाळेचा परिणाम नाही, काढून टाका. मला ते पटेना. मी स्वतः त्या शाळांमध्ये बसले आहे, वर्गावर्गातला फरक डोळ्यांनी पाहिला आहे.

मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून शाळेचे डमी (प्रत्येक शाळेसाठी वेगळा ०/१ चा कॉलम) केले. आता तर सगळंच बिघडलं. १५ ओळी आल्या. बहुतेक शाळांचे गुणांक उणे २० ते उणे २३ मध्ये. ९ नंबरचा उणे ४२ च्या आसपास. १५ नंबरचा जवळजवळ शून्य. सगळ्यांच्या स्टँडर्ड एरर (गुणांकातली अनिश्चितता) ७ हजारांच्या पुढे आणि पी व्हॅल्यू ०.९९ च्या वर. शिवाय माध्यम हा चल घातला की सॉफ्टवेअर काही ओळी आपोआप गाळतं.

सिनॉप्सिसमध्ये मी 'माध्यमाचा परिणाम तपासणार' असं लिहून दिलं आहे. पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन आहे. कुठे चुकतंय?

कमाटीबाग · रविवार, रात्री ११:१५

तुझे आकडे वाचून काही अंदाज बांधतो, बरोबर आहेत का सांग. १६ नंबरच्या शाळेतल्या सगळ्या मुलांना वाचता आलं. १५ नंबरच्याही सगळ्यांना आलं. आणि ९ नंबरच्या शाळेत एकालाही आलं नाही. १५ आणि १६ या त्या दोन मराठी माध्यमाच्या शाळा असणार.

दांडियाबाजार · रविवार, रात्री ११:२२

काका, हो! तिन्ही बरोबर. मराठी माध्यमाच्या शाळांची परवानगी दिवाळीनंतर मिळाली म्हणून त्यांचे नंबर शेवटचे. ९ नंबर इंग्रजी माध्यमाची आहे. मी तर मुलांचे आकडे दिलेच नव्हते, तुम्हाला कसं कळलं?

कमाटीबाग · सोमवार, सकाळी ७:३०

तुझ्या आउटपुटमध्येच ते लिहिलेलं आहे. क्रमाने सांगतो.

आधी तो नंबर. १६ ही शाळा ८ च्या दुप्पट नाही. तो नंबर म्हणजे तू कोणत्या दिवशी कुठे गेलीस याची नोंद. तो तसाच घातला की मॉडेल असं धरतं की १ वरून २ वर जाताना वाचण्याची शक्यता जेवढी बदलते, तेवढीच १५ वरून १६ वर जाताना बदलते. या वाक्याला काही अर्थच नाही, त्यामुळे त्यातून आलेल्या पी व्हॅल्यूलाही नाही. शाळेचा परिणाम नाही हा निष्कर्ष त्यातून काढायचा नव्हता.

आता डमी. गट १६ असले की डमी १५ होतात आणि राहिलेला गट संदर्भ गट होतो. बाकी प्रत्येक शाळेचा गुणांक म्हणजे त्या संदर्भ शाळेशी तुलना. एसपीएसएसच्या बायनरी लॉजिस्टिकमध्ये 'कॅटेगॉरिकल'मध्ये जाऊन काही बदललं नाहीस तर ते शेवटचा गट संदर्भ धरतं. म्हणजे तुझी १६ नंबरची शाळा. तिथे सगळी मुलं वाचतात, एकही ० नाही. ऑड्स म्हणजे येणाऱ्यांची संख्या भागिले न येणाऱ्यांची. भागायला शून्य! लॉगऑड्स (ऑड्सचा लॉगॅरिदम, गुणांक याच मापात असतात) अनंताकडे जातो. सॉफ्टवेअर तो गाठायला एकेक पायरी चढत राहतं आणि एसपीएसएस साधारणपणे २० पायऱ्यांनंतर थांबतं. म्हणून तुला २०-२१ च्या आसपासचा आकडा दिसतो. तो मोजलेला आकडा नाही, जिथे चढणं थांबलं ती पायरी आहे.

जिच्याशी तुलना करायची तीच शाळा अनंतावर बसली तर बाकीच्या सगळ्या तिच्यापेक्षा अनंताने खाली. म्हणून सगळे उणे २० च्या पुढे. १५ नंबरही तिथेच बसलेली, म्हणून फरक शून्य. ९ नंबर उलट दिशेला अनंतावर, म्हणून दुप्पट, उणे ४२. याला अर्ध-संपूर्ण (क्वासी-कम्प्लीट) विलगीकरण म्हणतात. डेटात दोष आहे असं समजू नकोस, तुझ्या डेटातली ती सर्वांत ठळक गोष्ट आहे.

आणि ०.९९ ची पी व्हॅल्यू वाचून शाळांमध्ये फरक नाही असं चुकूनही लिहू नकोस. ती वाल्डची चाचणी आहे: गुणांक भागिले स्टँडर्ड एरर. गुणांक खूप मोठा झाला की स्टँडर्ड एरर त्याहून वेगाने वाढते आणि चाचणी आंधळी होते. हाउक आणि डोनर यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं आहे. शाळांचा गट म्हणून परिणाम तपासायचा तर शाळांसकट आणि शाळांविना अशी दोन मॉडेलं करून लाइकलीहुड रेशो चाचणी घे, म्हणजे कोणतं मॉडेल डेटाशी किती जास्त जुळतं याची तुलना.

संदर्भ गट बदल. भरपूर मुलं आणि ० व १ दोन्ही पुरेसे असलेली गुजराती माध्यमाची एखादी शाळा घे. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

लेहरीपुरा · सोमवार, दुपारी १:०५

कमाटीबाग काकांच्या उत्तरात भर घालते. मी आरोग्याच्या सर्व्हेचं काम करते, तिथे शाळेऐवजी गाव असतं, बाकी अडचण हीच.

माध्यम घातल्यावर ओळी का गळतात ते बघ. कोणती शाळा हे एकदा कळलं की माध्यम कळतंच. माध्यमाचा कॉलम हा शाळांच्या डमींची बेरीजच आहे. त्यामुळे १५ डमी आणि माध्यम दोन्ही एकत्र राहूच शकत नाहीत. त्यात सॉफ्टवेअरची खोड नाही, प्रश्नच तसा विचारला गेला आहे. शाळांचे डमी घातलेस तर शाळेच्या पातळीवरचं काहीही, म्हणजे माध्यम, फी, जुन्या शहरातली की नव्या भागातली, यांतलं काही त्याच मॉडेलमधून सांगता येणार नाही. ते सगळं डमींनी गिळलेलं असतं.

म्हणून आधी ठरव की तुला नेमकं काय हवं आहे. एकाच शाळेतल्या दोन मुलांपैकी जिच्या घरी आजी आहे ती जास्त वाचते का, एवढंच हवं असेल तर डमी उत्तम. माध्यमाबद्दल बोलायचं असेल तर शाळा रँडम इफेक्ट म्हणून घ्यावी लागेल. म्हणजे १६ शाळांना १५ वेगवेगळे आकडे न देता, शाळांचे परिणाम एका घंटाकृती वितरणातून आले आहेत असं धरायचं आणि त्या वितरणाचा पसरटपणा मोजायचा. माध्यम मग फिक्स्ड, म्हणजे नेहमीच्या गुणांकांच्या, बाजूला निवांत बसतं.

शाळा पूर्ण वगळून फक्त माध्यम घालायचा मोह होईल. तो मोह टाळ. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: त्याच बाई, तोच रिक्षावाला, शेजारपाजारही तोच. समजा हे साम्य ०.०५ इतकंच आहे आणि दर शाळेत ३० मुलं आहेत. डिझाइन इफेक्ट (या साम्यामुळे माहिती किती पट कमी होते ते) होतो १ + २९ × ०.०५ = २.४५. म्हणजे माध्यमासारख्या शाळापातळीच्या प्रश्नासाठी तुझी ४८६ मुलं सुमारे १९८ मुलांइतकीच माहिती देतात. साधं मॉडेल मात्र ४८६ धरून चालतं आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची खालची-वरची मर्यादा) खोटा अरुंद दाखवतं.

वाडीची_सून · सोमवार, दुपारी ३:४०

मला यातलं गणित फारसं कळत नाही, पण विषय माझ्या घरातला आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. गणपतीत सगळ्या आरत्या पुस्तक समोर धरून म्हणतो आणि पाहुण्यांना वाटतं की वाचतोय. त्याला त्या पाठ आहेत. दुसरीकडे शाळेत हिंदी आहे म्हणून अक्षरं ओळखतो, पण 'ळ' आला की अडतो. तुम्ही अनोळखी उतारा दिलात आणि प्रश्न विचारलेत हे फार चांगलं केलंत. फक्त एक विचारते, 'जमलं' हे कोण आणि कसं ठरवत होतं?

दांडियाबाजार · सोमवार, रात्री ८:१०

ताई, पाचपेक्षा कमी चुका आणि दोन्हींपैकी एका प्रश्नाचं उत्तर बरोबर, असा नियम होता.

लेहरीपुरा ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. आधी दोन्ही मराठी माध्यमाच्या शाळा काढल्या, कारण तिथे सगळे १ आहेत. १४ शाळांवर रँडम इफेक्टचं मॉडेल चाललं.

राजमहाल_रोड · सोमवार, रात्री ९:३०

थांबा. मॉडेल चालत नाही म्हणून दोन शाळा काढून टाकायच्या? ज्या बडोदा राज्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं, त्याच शहरातल्या मराठी शाळेत प्रत्येक मूल मराठी वाचतं, आणि नेमका तोच आकडा प्रबंधातून गायब? मला हे मान्य नाही. या सर्व्हेतलं सर्वांत मोठं निरीक्षण तेच आहे.

कमाटीबाग · सोमवार, रात्री १०:२०

राजमहाल_रोड यांचं म्हणणं अगदी योग्य आहे. तरीही त्या शाळा मॉडेलबाहेर ठेवता येतील. कारण मात्र वेगळं हवं, आणि ते कारण प्रबंधात लिहायला हवं.

आजीमुळे फरक पडतो का हे बघताना सगळे १ असलेली शाळा काहीच सांगू शकत नाही. आजी असलेलीही वाचते, नसलेलीही वाचते. डमींच्या मॉडेलमध्ये तिचा वाटा शून्य असतो, ठेवली काय नि काढली काय, आजीचा गुणांक तोच राहतो. रँडम इफेक्टमध्ये मात्र ती शाळांमधला पसारा फुगवते. शिवाय जिथे शाळाच मराठी शिकवते आणि जिथे मराठी फक्त घरातून येते, ही दोन निरनिराळी माणसं आहेत. तुझा प्रश्न दुसऱ्यांबद्दलचा असेल तर मॉडेल त्यांच्यावरच कर. पहिल्यांचा तक्ता त्याच प्रकरणात, मॉडेलच्या आधी, ठळकपणे दे: इतकी मुलं, सगळ्यांना वाचता आलं.

ठेवायच्याच असतील तर फर्थची पद्धत आहे, १९९३ ची. लाइकलीहुडला थोडं आतल्या बाजूला ओढते, त्यामुळे अनंताऐवजी मोठा पण मोजता येणारा आकडा मिळतो. आर या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी लॉजिस्टएफ नावाचं पॅकेज आहे. पण मराठी माध्यमाचा ऑड्स रेशो (दोन गटांच्या ऑड्सचा भागाकार) इतके शे, असं वाक्य लिहून वाचकाला काय कळणार? 'सगळ्यांना येतं' हेच वाक्य जास्त खरं आहे.

९ नंबरचं प्रकरण वेगळं. तिथे शून्य येण्यासारखं काही कारण मला दिसत नाही. इतर इंग्रजी शाळांत थोडी का होईना मुलं वाचतात ना? त्याकडे नंतर येतो.

राजमहाल_रोड · सोमवार, रात्री १०:४१

तक्ता आधी येणार असेल तर माझी हरकत नाही.

अकोट्याचा · मंगळवार, सकाळी ९:००

एक शंका. दांडियाबाजार यांनी सांगितलं नाही, पण माझ्या स्वतःच्या कामात असं झालं होतं: शाळेचा रँडम इफेक्ट घातला आणि मुख्य चलाचा ऑड्स रेशो वाढला. मला परीक्षकांनी विचारलं की मग शाळा हा गोंधळ घालणारा चल (कन्फाउंडर, म्हणजे मुख्य चल आणि निकाल दोन्हींशी जोडलेला) होता का. मी हो म्हणालो. आता खात्री वाटत नाही.

दांडियाबाजार · मंगळवार, सकाळी ९:२५

माझ्याकडेही आजीचा रेशो वाढलाच आहे!

कमाटीबाग · मंगळवार, दुपारी १२:००

हा या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग आहे, म्हणून सावकाश लिहितो. कागद-पेन घ्या.

समजा दोन शाळा, प्रत्येकीत २०० मुलं. दोन्हीकडे निम्म्यांच्या घरी आजी आहे, निम्म्यांच्या नाही. म्हणजे आजी आणि शाळा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, गोंधळाला जागाच ठेवलेली नाही.

पहिली शाळा: आजी नसलेल्या १०० पैकी २० वाचतात, असलेल्या १०० पैकी ५०. ऑड्स ०.२५ वरून १. रेशो ४.

दुसरी शाळा: नसलेल्या १०० पैकी ५०, असलेल्या १०० पैकी ८०. ऑड्स १ वरून ४. रेशो पुन्हा ४.

दोन्ही शाळांत आजीचा परिणाम नेमका ४. आता शाळा विसरून सगळी मुलं एकत्र करा. आजी असलेली २००, त्यांतली १३० वाचतात. नसलेली २००, त्यांतली ७० वाचतात. रेशो होतो १३० × १३० भागिले ७० × ७०, म्हणजे ३.४५.

४ आणि ४ यांची सरासरी ३.४५ कशी? बेरीज तपासून पाहा, चूक नाही. ऑड्स रेशोचा हा स्वभावच आहे. टक्केवारीतला फरक घेतलात तर दोन्ही शाळांत ३० आणि एकत्रही ३० येईल. ऑड्स रेशो मात्र गट एकत्र केले की १ कडे सरकतो, गोंधळ अजिबात नसला तरी. म्हणून साध्या लिनियर रिग्रेशनमधली 'चल घातल्यावर गुणांक हलला म्हणजे गोंधळ होता' ही खूण इथे चालत नाही. अकोट्याचा, परीक्षकांना दिलेलं उत्तर चुकीचं असेलच असं नाही, पण ते त्या पुराव्यातून निघत नव्हतं.

किती सरकतो याचा ढोबळ हिशोबही आहे: रँडम इफेक्टच्या मॉडेलमधला गुणांक भागिले १ + ०.३४६ × शाळांचा व्हेरिअन्स (शाळांमधल्या पसाऱ्याचं माप) याचं वर्गमूळ. व्हेरिअन्स १ असेल तर भागाकार १.१६ ने.

मग खरा कोणता, ४ की ३.४५? दोन्ही खरे, प्रश्न निराळे. 'माझ्या मुलीच्या शाळेत, तिच्यासारख्या मुलीच्या घरी आजी असती तर?' याचं उत्तर ४. 'शहरातल्या आजीवाल्या आणि बिनआजीच्या सगळ्या मुलांची तुलना केली तर?' याचं ३.४५. हे दुसरं उत्तर थेट काढण्यासाठी लिआंग आणि झेगर यांची १९८६ ची जीईई पद्धत आहे. प्रबंधात कोणतं उत्तर देते आहेस ते एका वाक्यात स्पष्ट लिही.

लेहरीपुरा · मंगळवार, दुपारी २:१५

याच्या उलट बाजूचं उदाहरणही लक्षात असू द्या, नाहीतर वाटेल की एकत्र केल्याने फक्त आकडा थोडा आकसतो. बर्कली विद्यापीठात १९७३ च्या प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिलं तर तो भेदभाव दिसेना, उलट कल किंचित स्त्रियांच्या बाजूला होता. स्त्रियांचे अर्ज अशा विभागांत जास्त होते जिथे प्रवेश मिळणं सगळ्यांनाच अवघड होतं. बिकेल, हॅमल आणि ओकॉनेल यांनी हे १९७५ मध्ये मांडलं. तिथे विभाग हा खराखुरा गोंधळ घालणारा गट होता.

दांडियाबाजार, तुझ्याकडे हेही असू शकतं, आणि रँडम इफेक्ट त्यापासून आपोआप वाचवत नाही. त्या मॉडेलचं एक गृहीतक फार कुणी बोलून दाखवत नाही: शाळेचा परिणाम आणि आजी यांचा संबंध नाही. बडोद्यात हे कसं धरणार? मांडवी, रावपुरा, वाडी, तुझा दांडिया बाजार, या जुन्या भागातल्या शाळांमध्ये एकत्र कुटुंबंही जास्त असणार आणि आजूबाजूला मराठीही जास्त कानावर पडणार. मग शाळेचा थोडा गुण आजीच्या खात्यात जमा होतो.

उपाय सोपा आहे, १९७८ मध्ये मुंडलाक यांनी मांडलेला. प्रत्येक शाळेत आजी असलेल्या मुलांचं प्रमाण काढ आणि तो शाळापातळीचा नवा चल म्हणून आजीच्या मूळ चलासोबत घाल. मग आजीचा गुणांक शाळेच्या आतला राहतो, आणि प्रमाणाचा गुणांक सांगतो की आजीबहुल शाळांमध्ये त्याहून वेगळं काही चाललं आहे का. मला स्वतःला तुझ्या कामात ही दुसरी गोष्ट सर्वांत जास्त वाचायला आवडेल. स्वतःच्या घरी आजी नसली तरी वर्गातल्या निम्म्या मुलांकडे असली, तर मराठी गळ्यात पडतं का?

मांजलपूर · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

धागा भरकटवत नाही, पण गटांचाच प्रश्न आहे. माझ्याकडे भावंडांच्या जोड्या आहेत, मोठं आणि धाकटं. कुटुंब हा गट, प्रत्येक गटात दोनच मुलं. मी प्रत्येक कुटुंबाला डमी दिला तर?

कमाटीबाग · मंगळवार, रात्री ९:१०

अजिबात देऊ नकोस. गट वाढतात पण प्रत्येकात दोनच माणसं, तेव्हा डमी तुला फसवतात. नेमन आणि स्कॉट यांनी १९४८ मध्ये दाखवलेली अडचण हीच. समजा २० जोड्यांत फक्त मोठ्याला वाचता येतं आणि ५ जोड्यांत फक्त धाकट्याला. दोघांना येतं किंवा दोघांना नाही, अशा जोड्या कितीही असोत, तुलनेत त्यांचा उपयोग नाही. खरा रेशो २० भागिले ५, म्हणजे ४. डमी घालून साधं लॉजिस्टिक चालवलंस तर १६ येईल, बरोबर वर्ग! जोडीच्या आतलीच तुलना करणारं कंडिशनल लॉजिस्टिक वापर, ते ४ देईल. शाळेत ३० मुलं असताना ही चूक नगण्य असते, म्हणून दांडियाबाजारने घाबरायचं कारण नाही.

दांडियाबाजार · बुधवार, सकाळी ११:३०

काल रात्री आर बसवून घेतलं. एलएमई४ पॅकेजमधलं जीएलएमईआर फंक्शन वापरलं, सूत्रात कंसात 'एक, उभी रेघ, शाळा' असं लिहून. आजीचं शाळानिहाय प्रमाणही घातलं. मुलांच्या राहत्या भागाचाही गट करावा का? एकाच पोळातली मुलं तीन-तीन शाळांत जातात. आणि आईच्या शिक्षणाचे सात गट आहेत, त्यांतल्या दोनांत तीन-चारच मुलं.

लेहरीपुरा · बुधवार, दुपारी १२:१०

भागाचा रँडम इफेक्ट शाळेच्या जोडीने घालता येतो, एक दुसऱ्यात बसत नसला तरी. पण १४ शाळांवर इतकं ओझं टाकू नको. आईच्या शिक्षणाचे छोटे गट शेजारच्या पायरीत मिळव, अर्थ बघून. निकाल बघून मिळवायचे नाहीत.

माध्यमाबद्दल लिहिताना हात आखडता घे. आता फक्त गुजराती आणि इंग्रजी उरले, आणि त्या प्रश्नासाठी तुझ्याकडे १४ नग आहेत. मुलं कितीही असोत, शाळा १४ च.

शाळांमधला पसारा सांगताना नुसता व्हेरिअन्स देऊ नकोस, कुणाला काही बोध होत नाही. मीडिअन ऑड्स रेशो दे. व्हेरिअन्स १ असेल तर तो साधारण २.६ येतो. अर्थ असा: सारख्याच घरची दोन मुलं दोन वेगळ्या शाळांतून चिठ्ठी टाकून उचलली, तर सरस शाळेतल्या मुलाचे ऑड्स दुसऱ्याच्या मधल्या हिशोबाने २.६ पट. आजीच्या रेशोशेजारी हा ठेवला की आजी मोठी की शाळा मोठी हे एका नजरेत दिसतं.

कमाटीबाग · बुधवार, दुपारी ४:४५

आता ९ नंबर. वाडीच्या सूनबाईंनी सोमवारीच विचारलं होतं की 'जमलं' हे कोण ठरवत होतं. तू नियम सांगितलास, माणूस सांगितला नाहीस. सगळ्या शाळांत वाचन तूच घेतलंस का?

दांडियाबाजार · बुधवार, संध्याकाळी ७:२०

नाही काका. ७ ते ११ या पाच शाळांत मी आजारी होते म्हणून मैत्रिणीने घेतलं. नियम तोच होता. मी आत्ता त्या पाच शाळांचे कागद काढून बसले आहे. बाकीच्या चार शाळांतही तिचे १ माझ्या शाळांपेक्षा कमी आहेत. 'ळ' चा 'ल' केला की ती चूक धरत होती. मी धरत नव्हते, कारण इथल्या कितीतरी मोठ्या माणसांचाही तो उच्चार तसाच आहे. नियमात हे लिहिलंच नव्हतं.

कमाटीबाग · बुधवार, रात्री ८:००

म्हणजे परीक्षक हाही एक गट आहे आणि तो शाळेच्या आत लपला आहे. मुश्कील अशी की एका शाळेत एकच परीक्षक. त्यामुळे मैत्रीण कडक होती की त्या शाळाच कच्च्या होत्या हे कोणतंही मॉडेल वेगळं करू शकणार नाही. डमी नाही, रँडम नाही, फर्थ नाही. दोघींनी एकाच मुलाला तपासलेलं कुठेच नाही. आवाज रेकॉर्ड केले होते का?

दांडियाबाजार · बुधवार, रात्री ८:०६

हो, सगळ्या मुलांचे, फोनमध्ये. पालकांची तशी संमतीही घेतली आहे.

कमाटीबाग · बुधवार, रात्री ८:१५

मग तू वाचलीस. सगळी ४८६ रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका. प्रत्येक शाळेतून चिठ्ठ्या टाकून चार-चार निवडा. शाळेचं नाव आणि जुना निकाल झाकून नवे नंबर द्या. तू आणि मैत्रीण, दोघींनी वेगवेगळं बसून सगळी ६४ तपासायची. 'ळ' चं काय करायचं ते आधी लिहून ठरवा. दोघींचे निकाल कुठे जुळत नाहीत ते पाहिलं की कळेल, ७ ते ११ पुन्हा पूर्ण तपासायच्या की नाही.

वाडीची_सून · बुधवार, रात्री ९:०२

'ळ' ला चूक धरू नका हो. माझ्या सासूबाई जन्मभर रावपुऱ्यात राहिल्या, 'केलं' आणि 'केळं' एकसारखंच म्हणायच्या आणि रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचायच्या.

दांडियाबाजार · शनिवार, रात्री १०:३५

चौसष्ट झाली. दोघी माझ्या घरी बसलो होतो, ती हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत, कानात इअरफोन. 'ळ' चूक धरायची नाही असं ठरवून सुरुवात केली. बारा मुलांच्या बाबतीत आमचे जुने निकाल बदलले, त्यांतली दहा तिच्या पाच शाळांतली. ९ नंबरच्या चारपैकी दोन मुलं आता वाचणाऱ्यांत आली. त्यांतली एक मुलगी उताऱ्यातला 'बाळ' हा शब्द तीनदा 'बाल' वाचते आणि मग दोन्ही प्रश्नांची उत्तरं न अडखळता देते.

पाचही शाळांची सगळी रेकॉर्डिंग उद्यापासून पुन्हा ऐकणार आहोत. तोपर्यंत मॉडेलला हात लावत नाही. सिनॉप्सिसमधलं माध्यमाचं वाक्य बदलायची परवानगी मागितली आहे. नियमावलीत 'ळ' बद्दल वेगळी ओळ घातली आणि परीक्षक हा कॉलम फाइलमध्ये शाळेच्या शेजारी जोडला.

लेहरीपुरा · रविवार, सकाळी ८:४०

नव्या निकालांवर मॉडेल चालवलंस की आजीच्या शाळानिहाय प्रमाणाचा गुणांक काय येतो ते इथे नक्की लिही. मी वाट बघते आहे.